बेणे निवडा

मे महिना सरत आला तशी वस्तीवरच्या बायकांत एकच बोलणं सुरू झालं. रोपवाटिकेत औंदा कुणाकुणाला घेणार? आडसालीची लागण दीड महिन्यावर आली होती. उसाच्या लांब कांड्या सरीत पुरायचे दिवस आता गेले. एका डोळ्याची, म्हणजे एका कोंबाची टिपरी बेणं म्हणून तोडायची, ट्रेमध्ये रोवायची, महिन्याचं रोप झालं की रानात न्यायचं. या कामाला बायकांचेच हात लागत. उंब्रजच्या अलीकडं हायवेला लागून शेतकरी संघाची रोपवाटिका होती. हिरव्या जाळीखालचं सावलीतलं काम, अडीच महिने खात्रीचं. पण औंदा संघानं नवीन टूम काढली होती. मोबाइलवरचा कोर्स करायचा, शेवटी परीक्षा द्यायची, पास होईल तिलाच जाळीखाली जागा.

आणि तो कोर्स तयार केला होता मनुबाईच्या सुनेनं.

अंकिता कोरेगावची, शेतकी कॉलेजात शिकलेली. नवरा फौजेत, पोस्टिंग लांब. दोन महिने ती परसात टिपऱ्यांचे फोटो काढत होती, माळवदावर बसून मोबाइलशी एकटीच बोलत होती. मनुबाईनं त्या दोन महिन्यांत सुनेला तोंडावर एकदाही चांगलं म्हटलं नाही आणि वस्तीत एकही उंबरा सोडला नाही जिथं ती म्हणाली नाही, की चारशे बायकांना आमची अंकिता शिकवणार हाय.

अंजनाला तर तिनं शब्दच दिला होता. अंजनाचा नवरा उसाच्या ट्रॉलीवरून पडून कंबरेत अधू झालेला. जाळीखालचे अडीच महिने गेले तर ते घर बसलंच. "तुझी जागा पक्की समज," मनुबाई तिला म्हणाली होती. "चाळीस वर्सं बेणं तोडतोय आपण. मोबाइल काय वेगळं इचारणार हाय?"

गुरुवारी सकाळच्या एसटीनं सांगलीहून एक मुलगी आली. अपूर्वा तिचं नाव. पाठीवर सॅक, नाकावर घाम, पायात पांढरे बूट. सोमवारी कोर्स सगळ्यांना खुला होणार होता. त्याआधी पाच बायकांनी तो करून बघायचा, त्यांचं बोलणं हिनं रेकॉर्ड करायचं, कुठं अडतं ते लिहून घ्यायचं, असं तिचं काम.

"म्हंजे चव बघायची," मनुबाई म्हणाली. "पंगत बसायच्या आधी."

"अगदी तसंच, आजी."

"मग पयली मी. माझ्या घरातली चूल हाय."

सोप्यात पायली उपडी करून तिच्यावर मोबाइल टेकवला. मनुबाई समोर मांडी घालून बसली, पदर खोचला, चष्मा पुसला. दुसरीत असताना गुरुजींनी छडी मारली म्हणून पाटी त्यांच्याच पुढ्यात आपटून ती घरी आली होती, ती परत गेली नव्हती. एसटीची पाटी अक्षराला अक्षर लावून वाची. तेवढ्यावर तिचं साठ वर्षांत काही अडलं नव्हतं.

"दोन गोष्टी सांगते," अपूर्वा म्हणाली. "मी मधे मदत करणार नाही. तुम्ही अडलात तरी गप्प बसेन. अंकिताताईंनीही बोलायचं नाही. आणि दुसरं, तुमच्या मनात येईल ते तुम्ही मोठ्यानं बोलायचं. काहीही."

"काहीबी?"

"काहीही."

मागं उभ्या अंकिताच्या हातातली कपबशी वाजली.

"ऐकलंस का गं?" मनुबाई न वळता म्हणाली. "सांगलीची पावणी सांगती, सासूनं मनातलं बोलायचं आणि सुनेनं गप ऱ्हायचं. शिकावं कायतरी."

पहिली अडचण बोटाची निघाली. चुन्याच्या निवळीत, उसाच्या पाल्यात झिजलेलं बोट. त्यावर रेघा उरल्या नव्हत्या, नुसत्या भेगा. तिनं काचेवर बोट ठेवलं, दाबलं, परत दाबलं. काच ढिम्म.

"वळखंना मला. वळखणार कसं, माजावर आलंय बोडकीचं." तिनं बोटाला थुंकी लावली, तसा पडदा हलला. अपूर्वानं वहीत काहीतरी टिपलं. मनुबाईनं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. "काय लिवतीस गं? म्हातारीनं थुंकी लावली म्हणून?"

अपूर्वा गप्प.

"बया! खरंच बोलंना. अशी गप ऱ्हाणारी, नवऱ्याला बरी हाय."

मोबाइलमधून अंकिताचा आवाज आला, घरातल्यापेक्षा गोड. टिपरी द्रावणात दहा मिनिटं बुडवावी, असं तो सांगत होता.

"ह्यो रावण कुठला आला मधीच? औषधाचं पाणी म्हण की सरळ. घरात बोलती तसं बोलाया काय झालं हिला? कोरेगावची पोरगी, मोबाइलमधी शिरली की पुण्याची हुती."

मग 'उत्तर सादर करा' असं आलं. तिनं अक्षरं जुळवली. "सादर काय करू? उखाणा घिऊ का भारूड म्हणू?" वहीत परत टिपलं गेलं.

पण परीक्षा आली आणि ती सरसावून बसली. एकेका वेळी पडद्यावर दोन टिपऱ्यांचे फोटो यायचे, खाली दोनच शब्द, आणि आवाज तेच सांगायचा – "बेणे निवडा."

"आता आलं माझ्या वावरात," मनुबाई म्हणाली. "ही बघ, हिचा डोळा मेलाय." बोट. टिपरी सरकन नाहीशी झाली, दुसरी जोडी आली. "हिला कीड लागलीया, भोक दिसतंय की." बोट. "ही बुडख्याकडली, जून. हिला मुळ्या फुटल्यात. ही चिरलीया. कोयता कुणी चालवला गं हिच्यावर, न्हाव्यानं?" दहा जोड्या झाल्या. शेवटच्या जोडीपाशी तिनं जरा मान वाकडी केली, हुंकार दिला आणि बोट ठेवलं. घोटभर चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नव्हता.

पडद्यावर लाल गोल आला. त्यात भोपळा.

मनुबाईला आकडे येत होते. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. भोपळा तसाच होता. खाली आवाज म्हणाला, "आपण अनुत्तीर्ण आहात. कृपया धडा पुन्हा पाहा."

अंकिता पुढं आली, तोंड उघडलं, अपूर्वाकडं बघून मिटलं.

"बोल की आता," मनुबाई म्हणाली. "का अजून बोलायचं न्हाई?"

कुणाकडं न बघता ती उठली. गुडघा कटकन वाजला. अंगणात जाऊन म्हशीपुढं वैरण टाकली. ती म्हशीला सकाळीच टाकून झाली होती.

दिवसभरात उरलेल्या चौघी झाल्या. अंजनाला शून्य. रानाकडंच्या घरातल्या एकीला एक. शेजारच्या धोंडुबाईला दोन. आणि धोंडुबाईच्या सुनेला, दीपमालाला, आठ. दीपमाला मिरजेची, लग्नाला वर्ष झालेलं. तिनं आजवर उसाचं टिपरं हातात धरलं असेल तर चोखायला.

पास व्हायला सहा लागत होते, आणि या पाचजणींचे गुणही जागेसाठी धरले जाणार होते.

धोंडुबाई उन्हं उतरल्यावर मुद्दाम उंबऱ्यापाशी आली. "मने, आगं दोन पडलं की मला."

"दोनानं काय हुतंय?"

"शून्यापरीस लय असत्यात. आणि माजी सून तर पास. म्हणलं सांगून यावं, लेकीगत तुझी सून राबली, तिला बरं वाटंल." ती गेली, पण जाताना दारातला पाटा सरळ करून गेली, जसं काही या घरात आता नीट ठेवायलाही कुणी उरलं नाही.

रोपवाटिकेचा व्यवस्थापक जोतीराम मोटरसायकलवरून आला तो बसलाच नाही. "आक्का, मला तुमचं हात म्हाईत हायत. पर कागद बोलतोय. शून्य आलेल्या बाईला मी जाळीखाली कसा बसवू? उद्या रोपं मेली तर संघ मला इचारणार."

"कवा मेली रं माझ्या हातनं?"

"मेली न्हाईत. म्हणून तर मला लाज वाटती हितं उभं ऱ्हायला." त्यानं टोपी काढून परत घातली. "शनवारपतूर बघतो. न्हाईतर वाळव्याकडनं कागद असलेल्या बायका गाडीनं आणतो."

अंजना भिंतीशी उभी होती. तिनं सकाळपासून हातात धरलेला आपला मोबाइल पदरात गुंडाळला, गाठ मारली, आणि पोराला औषध द्यायचं सांगून निघून गेली. तिला पोर नव्हतं. ती गेल्यावर मनुबाईच्या ते ध्यानात आलं, आणि भोपळ्यापेक्षा ते जास्त लागलं.

अपूर्वाची एसटी गेली होती, ती तिथंच राहिली. जेवताना ती अंकिताला हळू सांगत होती, की धडे कठीण जातायत, आणखी दोन व्हिडिओ घालू, अजून सोपं समजावू.

"मला ऐकू येतंय," मनुबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "टिपरी कशी असती ते समजावणार व्हय तुमी मला? समजावा." आणि भाकरी तव्यावर अशी आपटली की पीठ उडालं.

शुक्रवारी तांबडं फुटायला ती कोयता घेऊन बेण्याच्या प्लॉटमध्ये गेली. दहा महिन्यांचा ऊस, पाचट दवानं ओलं. पानांनी दंडावर बारीक रेघा ओढल्या, त्यांत घाम शिरून चरचरलं. तिनं पाच ऊस तोडले, मुद्दाम सरमिसळ, दोन निरोगी, दोन किडके, एक बुडख्याशी वाळलेला. तिथंच बांधावर बसून टिपऱ्या पाडल्या. ऊस एकेका घावात तुटत होता, डोळ्याच्या वर बोटभर, खाली बोटभर. बुट्टी डोक्यावर घेऊन घरी आली ती पायातला चिखल न धुता सोप्यात.

अपूर्वा दात घासून तोंड पुसत होती. मनुबाईनं बुट्टी तिच्या पुढ्यात ओतली.

"बस हितं. तुझा मोबाइल ठेव कोनाड्यात. आता तूच मोबाइल हू. काल त्यो बोलला तेवढंच बोलायचं, जादा एक अक्षर न्हाई. बोल."

अपूर्वानं अंकिताकडं बघितलं. अंकितानं मान हलवली.

"बेणे निवडा," अपूर्वा म्हणाली.

मनुबाईचा हात सुटला. वेचलं, टाकलं. वेचलं, टाकलं. किडकी टिपरी अंगणात गेली, चिरलेली तिच्यामागं, बुडख्याची म्हशीच्या अंगावर. म्हैस दचकली. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत ती थांबली, हात झटकले. समोर जमिनीवर बारा-तेरा टिपऱ्या उरल्या होत्या, सगळ्यांचे डोळे टपोरे, जितराबागत जिवंत.

"झालं निवडून. घाल आता मला भोपळा."

अंकिता उरलेल्या टिपऱ्यांकडं बघत होती. मग अंगणात बघितलं. मग परत टिपऱ्यांकडं.

"आत्या," ती म्हणाली, "तुम्ही वाईट तेवढ्या उचलल्या."

"मग? चांगल्या उचलून कुठं ठिवू, डोक्यावर?"

"नाही, म्हणजे... निवडा म्हटल्यावर..."

"आगं, निवडायचं म्हंजे काय असतंय? तांदूळ निवडाया बसलीस तर तांदूळ उचलतीस का खडा? एकेक तांदूळ उचलशील तर दुपारचं जेवान दिवाळीला हुईल. बोट जातंय ते खड्यावर. चांगलं हाय ते सुपात ऱ्हातंय, त्याला हात कशापायी लावायचा?"

"आणि माझा मोबाइल चांगलीवर बोट मागत होता," अंकिता म्हणाली.

अपूर्वानं कोनाड्यातून मोबाइल काढला आणि कालचं रेकॉर्डिंग लावलं. मनुबाईचाच आवाज आला. "ही बघ, हिचा डोळा मेलाय." मग बोटाचा टक. "हिला कीड लागलीया." टक. "ही चिरलीया." टक. दहा वेळा तिनं बरोबर सांगितलं होतं, दहा वेळा मोबाइलनं चूक धरली होती आणि तिघी तिथंच होत्या.

"तुमी ऐकलं न्हाई का हे?" मनुबाईनं विचारलं.

"लिहूनही घेतलं होतं," अपूर्वा म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पण आजी, आमच्याकडं तांदूळ पिशवीतून निवडलेलेच येतात."

"मग तुझा दोष न्हाई. पिशवीचा हाय." मनुबाई सुनेकडं वळली. "तुझ्या घरात पिशवी येती का?"

"रोज निवडते मी," अंकिता म्हणाली. "परवासुद्धा निवडले. आणि कोर्स लिहायला बसले तेव्हा हात घरात होता, डोकं कॉलेजात."

"आणि दीपमालाला बरं आठ पडलं?"

उत्तर मनुबाईलाच सुचलं आणि ती अशी हसली की पाटा-वरवंट्यावरची चिमणी उडाली. "आगं, ती मोबाइलवर साड्या निवडती! चांगली ती उचलती. तिनं तांदळातला खडा कवा बघितलाय? सांगते धोंडीला, सून हुशार हाय तुझी, भातात खडं लागलं तर बोलू नगंस."

मग काम सुरू झालं. अंकिता पाटावर लॅपटॉप घेऊन बसली. तिनं 'योग्य बेणे ओळखा' लिहिलं. मनुबाई म्हणाली, वळखलं, पुढं काय करू? तिनं 'लागणीस योग्य टिपरीस स्पर्श करा' लिहिलं. मनुबाई म्हणाली, स्पर्श सिनेमात करत्यात. शेवटी अंकिता चिडली.

"मग तुम्हीच सांगा!"

"सांगती. लिव्ह. जी लावायची, तिला बोट लावा."

अंकितानं लिहिलं. तिघींनी ते वाचलं. त्यात काढायला काही उरलं नव्हतं.

"औषधाचं पाणी," मनुबाई पुढं म्हणाली. "आणि ते सादर-बिदर काढ. झालं म्हण. आणि बोट न लागणाऱ्या बाईला ओल्या फडक्याला बोट पुसाया सांग, समद्या काय माझ्यावाणी थुकणार न्हाईत."

अपूर्वा सगळं टिपत होती. कालच्या पाचजणींना आता बातमी लागली असणार, त्यांच्यावरून काही कळायचं नाही, असं तिचं म्हणणं पडलं. ज्यांनी काही ऐकलं नाही अशा पाचजणी हव्यात. मनुबाईला ते पटलं. ती चप्पल घालून ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गेली आणि पाच बायका घेऊन आली. कशाला आणल्या ते तिनं त्यांना वाटेत सांगितलं नाही. तिच्या आयुष्यात बायकांच्या घोळक्यात एवढी वाट ती कधी गप्प चालली नव्हती.

शनिवारी सकाळी जोतीराम आला तेव्हा सोप्यात पायली मांडलेली होती, तिच्याशेजारी ओलं फडकं. मनुबाईनं त्याला भिंतीशी बसवलं. "हितं बोलायचं न्हाई. ही पोरगी दंड करती."

एकेक बाई बसली. फडक्याला बोट, काचेला बोट. आठ. नऊ. सात. नऊ. पाचवीला सहा पडले, तरी ती पास. मग अंजना बसली. तिला बातमी लागलेली, म्हणून चाचणीत तिचं मोजायचं नव्हतं, पण मनुबाईनं तिला बसवलीच. अंजनाचं बोट एकदाही अडलं नाही.

हिरवा गोल. दहा.

मग भिंतीशी बसलेल्या जोतीरामनं हात वर केला, शाळेत करतात तसा. अपूर्वानं मान हलवल्यावर बोलला, "वाळव्याची गाडी नगं म्हणून सांगतो. अंजनाबाई, सोमवारी आठाला या. डबा आणा."

अंजनानं पदराची गाठ सोडली, आतला मोबाइल काढला आणि नवऱ्याला फोन लावायला अंगणात गेली.

"आता मी," मनुबाई म्हणाली.

ती बसली. नऊ जोड्या सपासप झाल्या. दहाव्या जोडीपाशी तिनं परवासारखीच मान वाकडी केली. तिला दोन्ही टिपऱ्या पसंत नव्हत्या. एक उघड फुटकी, दुसरी दिसायला गुबगुबीत. "ह्यातली एकबी लावायची न्हाई," ती म्हणाली आणि बोट लावलंच नाही. मोबाइल थोडा थांबला आणि पुढं गेला.

हिरवा गोल. नऊ.

"आत्या, दहावी चुकली," अंकिता हळूच म्हणाली. "गुबगुबीत ती चांगली होती."

"मेलीया ती."

"मी स्वतः काढलाय फोटो. पंधरा दिवस झाले. डोळा बघा की कसा फुगलाय."

"फुगलाय त्यो सुजून. डोळ्याभवती तांबूस कड हाय, ती दिसंना तुला? फोटो काढलेल्या टिपऱ्या काय केल्यास?"

त्यांतल्या चांगल्या टिपऱ्या अंकितानं परसात एका ट्रेमध्ये लावल्या होत्या, प्रश्नांचे नंबर टाकून. मनुबाई पुढं, तिच्यामागं अंकिता, अपूर्वा, जोतीराम, ओढ्यापलीकडच्या पाचजणी. दाराशी आतापर्यंत उगाच रेंगाळणारी धोंडुबाईही मागोमाग आली. ट्रेमध्ये नऊ खळग्यांत वीतभर हिरवी रोपं उभी होती. दहाव्या खळग्यात नुसता भुसा.

"उशिरा येईल वाटलं मला," अंकिता म्हणाली.

मनुबाईनं त्या खळग्यात बोट घातलं, टिपरी उपसली आणि अंगठ्यानं दाबली. ती पिकल्या केळासारखी फुटली. आत लाल झालेलं, आणि आंबूस वास सगळ्यांच्या नाकात गेला. जोतीरामनं टोपी काढली, ती परत घातली नाही.

"मने," धोंडुबाई म्हणाली, "डोळं अजून चांगलं हायत गं तुझं."

"मोबाइलपरीस बरं."

अंकितानं तिथंच लॅपटॉप मागवला. तो फोटो काढून टाकला, मग त्या कुजक्या टिपरीचा नवा फोटो घेतला, आतली बाजू दिसेल असा, आणि धड्यात घातला. तिनं मनुबाईचं प्रमाणपत्र उघडलं. त्यावर मोठ्या अक्षरात नाव होतं आणि नावाखाली दहापैकी नऊ.

"एक मिनिट, आत्या. दहा करते. चूक माझी होती."

"ऱ्हाऊ दे."

"अहो, पण तुम्ही बरोबर होता."

"मला म्हाईत हाय मी बरूबर हुते. नऊच ऱ्हाऊ दे." मनुबाईनं हातातला लाल चोथा कुंपणापलीकडं भिरकावला आणि ओल्या फडक्याला बोट पुसलं. "खाली बारीक अक्षरात लिव्ह, दहावा मोबाइलचा चुकला. आणि छापून आण. धोंडीच्या दाराकडं तोंड करून लावायचं हाय."